ब्रेकचं काम

वाडीतल्या स्पेअरपार्टच्या दुकानात प्रीती स्कूटीची तुटलेली केबल हातात घेऊन थांबली होती. तिच्या पुढे एक नवरा-बायको उभे होते.

"भाऊ, पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड अन् दोन्ही डिस्क द्या," नवरा म्हणाला.

"गॅरेजवाल्यानं सांगितलं का?" दुकानदारानं विचारलं.

"नाही, घरीच बदलवतो. बाबा बदलवतात आमचे."

"त्यायले विचारलं का तुम्ही?" बायको म्हणाली.

"विचारतो ना."

"मागच्या वेळी तं नाही विचारलं. ते अंगणात जॅक लावून बसले होते, अन् तुम्ही गाडी काढून गॅरेजले नेली."

"त्यायचा हात थरथरून राहिला होता वं. ब्रेकचं काम हाय, मले भेव वाटलं."

"मंग तसंच सांगाचं होतं. शेजाऱ्यायच्या समोर तुम्ही त्यायले म्हणले, आता तुमच्यानं होत नाही. तेव्हापासून आपल्या गाडीत बसत नाहीत, कोराडीले देवीच्या दर्शनालेही बसनं जाऊन राहिले ते."

"म्हणून तं घेऊन राहिलो हे."

त्यानं फोन लावला.

"बाबा, डिस्क घेऊन राहिलो. रविवारी आपण दोघं बदलवू. बोल्ट मी कसतो, तुम्ही फक्त सांगा... काहून?... बरं."

"काय म्हणले?"

"गाडी गॅरेजलेच ने, म्हणतेत. ते काम आता आठवत नाही म्हणे."

"आठवते त्यायले. काल शेजारच्याची गाडी गेली, तं आवाज ऐकून म्हणले, पॅड घासले याचे."

नवरा काउंटरवरच्या डिस्ककडे पाहत राहिला.

"ताई, तुम्हाले काय पाहिजे?" दुकानदारानं विचारलं.

"त्यांचं होऊ द्या आधी," प्रीती म्हणाली.