बाबांच्या ट्रकचं पेडल

...आणि वर मलाच म्हणतात, "पेडलच आहे ना, त्यात काय एवढं!" अहो, तुम्हाला सांगतो, अख्खं इंजिन बदलायला मला चार शनिवार लागले आणि अॅक्सिलरेटरचं पेडल बसवायला सहा! हसू नका. चौसष्ट सालचा ट्रक, आमच्या बाबांचा. बाबा फेब्रुवारीत गेले आणि त्याच आठवड्यात ट्रकचं इंजिन जाम झालं, जसं काही दोघांचं आधीच ठरलं होतं! तेव्हापासून आई गप्प. अख्ख्या नेब्रास्कात बडबडीत जिचा हात धरणारं कोणी नाही, ती गप्प! घर खायला उठायचं हो. आणि मग एप्रिलात एकदा बटाट्याचं सॅलड वाढता वाढता म्हणते कशी, "ऑरिन, चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत तुझ्या बाबांचा ट्रक काढायचा. मी चालवणार." वय चौऱ्याऐंशी! पण इतक्या दिवसांनी काहीतरी मागितलं तिनं... नाही म्हणणार कोण?

म्हणून एका ठोकलेल्या नव्या ट्रकचं इंजिन आणलं, आपोआप बदलणाऱ्या गिअरसकट, ब्रेक सोडला की गाडी आपली हळूहळू सरकते तसलं. बसलं! सुरूही झालं! पण जुन्या ट्रकात कसं, पेडलपासून इंजिनापर्यंत लोखंडी सळई, पाय दाबला की सळई ओढली जाते, विषय संपला. नव्याला सळईच नाही, नुसती वायर! आणि त्याचं पेडल सरळ भिंतीला बसणारं, तर आमच्या ट्रकची पायापुढची पत्र्याची भिंत तिरकी. शेजारचा डेल्बर्ट कॉफीचा मग घेऊन कुंपणाला रेललेला. "पेडलच आहे ना ऑरिन, त्यात काय एवढं!" अरे मग ये ना, घाल डोकं स्टिअरिंगखाली!

बसवलं मी, ब्रेकच्या बरोबरीनं, एकाच पातळीत. माझा बूट तेरा नंबरचा! ब्रेक दाबायला गेलो आणि दोन्ही दाबली गेली, ट्रक थेट मार्लिसच्या टोमॅटोत. मार्लिस म्हणजे आमची बायको. "पेडलच आहे ना? मग माझी रोपं कशी रे मेली?" बरं, पेडल खाली घेतलं, तर रबरी मॅटखाली अडकलं, वर येईचना, आणि इंजिन असं बोंबलायला लागलं की डेल्बर्टच्या हातातला मगच सुटला. (ते एक बरं झालं.) मग मॅट कापली, तिरकी पट्टी वेल्ड केली, ब्रेकपेक्षा चांगलं तीन बोटं खोल... आहाहा! माझा पाय असा पडायचा त्यावर, लोण्यात सुरी!

आईला बोलावलं. चर्चला जायचे बूट घालून आली, उशी घेऊन बसली. ब्रेकला पाय पुरला. पेडलला? पुरेना! तीन बोटं कमी! माझी उंची सहा फूट तीन, आई माझ्या काखेत मावते, आणि मापं सगळी मी कोणाच्या पायानं घेतली? माझ्या! तिचा बूट एवढासा, दोन्ही पेडलं एकदम दाबायची म्हटली तरी दाबता येणार नाहीत. म्हणजे पहिल्या शनिवारचंच बरोबर होतं! आई म्हणाली, "बापावर गेलास. कर परत, पेडलच आहे ना, त्यात काय एवढं?"

केलं परत. पट्टी कापली, दोन्ही हात भाजून घेतले, पण केलं!

चार जुलै. पुढे शाळेचा बँड, मागे आगीचा बंब, मध्ये आम्ही. आईनं ब्रेकवरचा पाय उचलला आणि ट्रक आपला आपणच निघाला, बँडच्या चालीनं. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातानं रस्त्याकडेच्या पोरांना चॉकलेट-गोळ्या फेकतेय आणि तोंड...! तोंड सुरू झालं हो! तुझे बाबा इथे असे पडले, तिथे त्यांनी मला लग्नाचं असं विचारलं, अख्खा मेन स्ट्रीट संपला तरी थांबेना. मी खिडकीबाहेर बघत डोळे पुसले, सांगायला लाज कसली.

शेवटी न राहवून विचारलं, "आई, पेडल कसं वाटलं?"

"कुठलं? मी तर ट्रक नुसता ब्रेकवरच आणला. ते दुसरंही दाबायचं असतं का रे?"

म्हटलं, नाही गं आई, ते शोभेचं आहे.