नवरीच्या रंगाचा मॉनिटर

अगं, मी केशोरीत लग्नाचे अल्बम बनवते ना, तर जुन्या मॉनिटरवर रंग चुकीचे दिसायला लागले. एका नवरीने छापलेला अल्बमच परत केला. म्हणून गोंदियाला नवीन मॉनिटर घ्यायला गेले.

दुकानदाराने दोन मॉनिटर शेजारी लावले, एक स्वस्तातला, दुसरा त्याच्या दुप्पट किमतीचा. पेन ड्राइव्हमधला एका नवरीचा फोटो मी दोन्हीवर लावायला सांगितला. महागड्यावर नवरी गोरीपान दिसली, शालू तर नुसता चमकत होता. स्वस्तातल्यावर ती चांगली सावळी होती.

"मॅडम, महँगावाला ही लो," तो म्हणाला. "सस्तेवाले में तो दुल्हन काली दिख रही है."

माझं डोकंच फिरलं. मी माझा हात दोन्ही स्क्रीनच्या मधे धरला आणि म्हटलं, "भाऊ, ही नवरी मीच आहो. आता सांगा, यातला कोणता मॉनिटर खोटं बोलून राहिला?"

त्याने हाताकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. हळूच म्हणाला, "महँगावाला."

"मंग खोटं पाहाले मी दुप्पट पैसे कायले देऊ? सस्तावाला पॅक करा!"