पाइपात बावीस टक्के गोणी

...आणि वर शेठ मलाच म्हणतात, "लताबाई, मशीनला सर्दी झाली असेल!" मशीनला सर्दी? अहो, सातपूरच्या त्या अख्ख्या पाइपाच्या कारखान्यात एकच एसी, तो त्या इन्फ्रारेड यंत्राला, कारण आतल्या काचा मिठाच्या, दमट हवेत विरघळतात... आणि दुपारी त्या एसीत घोरतं कोण? आमचे मालक, पुंजारामशेठ! सर्दी झालीच तर त्यांना होईल!

तुम्हाला सांगते, चौऱ्याऐंशी सालचा डिसेंबर. मी तिथली केमिस्ट, नाशिक रोडहून दोन बस बदलून येणारी. एक दिवस दिंडोरीकडचे रावजी आले, द्राक्षवाले. हातात आमच्याच पाइपाचा तुकडा. "बाई, वाकवला का चिरतो ह्यो. मनी धरलेत बागंत, पानी कसं द्यायचं?"

तुकडा तापवून दाबला, पातळ पापुद्रा केला, यंत्रात ठेवला. कागदावर आलेख काढत यंत्राचं पेन सरसर चाललं... आणि नको तिथं हा एवढा खड्डा! पाइपावर छापलंय 'शुद्ध पॉलिथिन' आणि आत पॉलिप्रॉपिलीन! म्हणजे काय? खताच्या जुन्या गोण्या हो! वितळवून घातलेल्या! ही दोन प्लॅस्टिकं दिसायला सख्ख्या बहिणी, पण एकजीव होतील तर शपथ! बरं, मी घाई करणाऱ्यातली नाही. दहा, वीस, तीस टक्क्यांची मिश्रणं स्वतः केली, एकेकाचा आलेख काढला, खड्ड्यांची खोली ताडून पाहिली... बावीस टक्के गोणी! कागदावर उमटलंय ते उमटलंय!

शेठ म्हणाले, "पुन्हा लावा." लावलं. तोच खड्डा. "पेन बदला." बदललं. खड्डा निळ्याचा लाल झाला, एवढंच! मग एकदम मऊ आवाज, "लताबाई, शेतकऱ्यांच्या सोसायटीची मोठी ऑर्डर आहे. सर्टिफिकेटवर एक सही... तो खड्डा जरा खोडरबरनं..." खोडरबरनं! शाईचा आलेख! मी म्हटलं, "शेठ, कागदावर उमटलंय ते उमटलंय!" "नोकरी जाईल." "जाऊ द्या!" बोलले खरी, पण... घरी माझ्या पगारावर चार माणसं...

आणि रावजींना आलेखाची नक्कल दिली. ते थेट सोसायटीत! "ह्या बाईंनी लिवलंय, वाचा!" ऑर्डर रद्द. रावजींना दुसरीकडचा पाइप मिळाला, बाग वाचली. मला काढलं? छे! यंत्र चालवणार कोण? काढता येत नाही म्हणून माझी खुर्ची काढली. उभी राहून एकेक पाइप तपासला, पण सही? नाही म्हणजे नाही!

तेवढ्यात गेटवर नवी पाटी. मी म्हटलं, आता काय खोटं लिहिलंय? वाचलं: 'आमचा प्रत्येक पाइप इन्फ्रारेड यंत्रावर तपासलेला आहे.'

...आता ह्याला खोटं कसं म्हणायचं, सांगा? पास झाला असं कुठं लिहिलंय? आणि तपासला तर मीच होता!