चौऱ्याहत्तर टक्के आजोबा

...आणि वर मलाच विचारतात, ‘आजोबा, तुम्ही सगळ्यांना तेच तेच का सांगता?’ आता मला सांगा, मग काय सांगू? उभी हयात बर्फाच्या कारखान्यात गेली माझी, सर्कशीत नाही. पत्र्याच्या डब्यात पाणी भरायचं, डबा खारट पाण्याच्या हौदात सोडायचा, गोठला की साखळीनं वर ओढायचा, लादी मोकळी करायची, भुसा लावायचा, गाडीवर चढवायची, की परत डब्यात पाणी. संपलं. बर्फ काय दर वेळी वेगळा गोठतो?

तुम्ही पुढे सरकून बसा. मागे बसलात की अर्धं ऐकू येतं आणि घरी जाऊन लोक भलतंच सांगतात, मग ते माझ्या नावावर. तर माझी नात. मुलाची मुलगी. विद्यापीठात शेवटच्या वर्षाला, इतिहास शिकते. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, मला वाटायचं इतिहास म्हणजे राजे आणि त्यांची भांडणं. तर ती म्हणे, ‘नाही आजोबा, आता साध्या माणसांचाही इतिहास लिहितात.’ म्हटलं, बरं झालं, साधी माणसं मरायच्या आत सुचलं त्यांना. शेवटच्या वर्षी एक मोठा प्रबंध लिहायचा असतो, त्यावरच सगळं ठरतं, आणि या पोरीनं विषय घेतला आमचा बर्फाचा कारखाना. मी त्या दिवशी दाढी केली.

प्रबंध दिला. आणि आठवड्याच्या आत विद्यापीठाच्या कार्यालयातून मेल. चौऱ्याहत्तर टक्के वाङ्मयचौर्य. हा शब्द मी नातीकडून परत परत म्हणवून घेतला तरी माझ्या कवळीत बसेना. शेवटी तिनं सांगितलं, चोरी. दुसऱ्याचं लिखाण उचललं म्हणतात. समितीपुढे या, खुलासा करा, नाहीतर शून्य आणि वर्ष वाया. म्हटलं, हे कुणी पाहिलं, कोण साक्षीदार? तर सॉफ्टवेअर. म्हणजे कॉम्प्युटरातलं यंत्र, पोरांचं लिखाण त्यात टाकायचं, ते आजवरच्या सगळ्या लिखाणाशी ताडून बघतं, जुळलं तिथे रंग फासतं आणि शेवटी एक आकडा देतं. जसं वजनाच्या काट्यावर उभं राहावं आणि काट्यानं म्हणावं, हा माणूस हावरा आहे.

घरात मग जे झालं ते विचारू नका. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, जेवताना सुरू झाला. ‘कुठून उचललंस ते एकदा सांगून टाक, मग बघू काय करायचं ते.’ ती म्हणते, ‘बाबा, कुठूनच नाही.’ ‘मग काय मशीन खोटं बोलतं?’ सून म्हणाली, ‘अहो, तिला दोन घास खाऊ द्या आधी.’ पण पोरगी ताटावरून उठली ती खोलीचं दार लावून बसली. मी मुलाला म्हटलं, तू दहावीत काय केलं होतंस ते सांगू का इथे? तेव्हा कुठे त्याचं तोंड बंद झालं.

मग मी तिच्या खोलीत गेलो. म्हटलं, वाच, काय चोरलंस ते ऐकू तरी दे. तिनं नाक पुसलं आणि वाचायला लागली. ‘दार उघडलं की आधी वास यायचा, मग गारठा, मग मुकादमाची शिवी.’

म्हटलं, थांब. हे तर माझं आहे.

‘हो, आजोबा.’

‘मग चोरी कसली? घरातलंच आहे की.’

‘पण हेच वाक्य अजून खूप जणांच्या प्रबंधात आहे.’

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कारण काय, तुम्हाला सांगतो. कारखाना बंद पडला, पाडला, आता तिथे काचेची व्यायामशाळा आहे. आम्ही आत गारठून मरायचो आणि आता त्याच जागी लोक धावतात, कुठेच पोचत नाहीत. तर त्या व्यायामशाळेसमोर एक बाकडं आहे. मी तिथे बसतो. आणि दर वर्षी विद्यापीठातली पोरं येतात, दोन-तीन तरी, ‘आजोबा, कारखान्याबद्दल सांगा ना.’ मी सांगतो. ते मोबाइल पुढे धरतात. मी दार उघडल्यापासून सुरू करतो, वास, गारठा, शिवी. मग लादी डब्यातून सुटताना कुणीतरी बोटं मोडल्यासारखा आवाज व्हायचा, तो तोंडानं काढून दाखवतो. मग उंट. उंट म्हणजे आमच्यातला सगळ्यात उंच हमाल, एकटा लादी पाठीवर घ्यायचा आणि उतरवल्यावर तासभर कुणाशी बोलायचा नाही. मग सांगतो, एकच लादी मधोमध कापायची, अर्धी लग्नाच्या सरबताला, अर्धी शवागारात... इथे मी थांबतो. खोकतो. पोरं गप्प होतात. मग मी म्हणतो, ‘पाण्याला काय माहीत आपण कुठे वितळणार.’ तिथे सगळ्यांचे डोळे ओले होतात. एकीनं तर मला पुस्तक भेट दिलं होतं, बाकड्यावर पाठीला टेकायला बरं आहे.

आता हे मी नीट बसवलेलं आहे. उगाच बदलायचं कशाला? बर्फ काय दर वेळी वेगळा गोठतो?

नातीला म्हटलं, अगं पण तू खाली लिहायचंस ना, आजोबा म्हणाले म्हणून. तर ती काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, ‘आजोबा, मी हे इतक्या लहानपणापासून ऐकतेय, की मला वाटलं हे माझंच आहे.’

आता यावर समितीपुढे काय खुलासा करणार? तुम्ही सांगा.

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि तिच्याबरोबर विद्यापीठात गेलो. तिच्या विभागातल्या बाई, वर्षभर शिकवणाऱ्या, एका टेबलामागे बसलेल्या, टेबल दिसत नव्हतं एवढे कागद. मी बसायच्या आधीच सुरू केलं. म्हटलं, बाई, चौऱ्याहत्तर टक्के चोर तुमच्यासमोर उभा आहे, उरलेला सव्वीस टक्के घरी पाठवू का?

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘आजोबा, ते यंत्र चोर पकडत नाही. शब्द कुठे जुळले तेवढं दाखवतं. चोरी आहे की नाही, हे माणसानं वाचून ठरवायचं असतं.’

म्हटलं, ‘मग तुम्ही वाचलंत?’

बाईंनी त्या कागदांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, ‘नाही. आकडा मोठा होता, मी वरती कळवून टाकलं.’

आता मी भांडायला गेलो होतो, मला काय माहीत बाई खरं बोलतील? सगळी तयारी वाया. बाईंनी आपली खुर्ची बाजूला घेतली, कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला आणि म्हणाल्या, ‘चला, आता वाचू.’

काय सांगू तुम्हाला. पानंच्या पानं रंगलेली. पिवळं म्हणजे एका पोराचं, हिरवं दुसऱ्या पोरीचं, निळं तिसऱ्याचं. आणि सगळीकडे मीच. म्हटलं, हा पिवळा तो, बिस्किटं आणली होती त्यानं, स्वतःच खाल्ली. ही हिरवी, तिला उंटाचं ऐकून रडू आलं होतं. हा निळा झोपला होता, तरी मोबाइल चालू होता बघा. एकानं तर कंसात लिहिलेलं, ‘आजोबा इथे खोकतात.’ नातीनंही लिहिलेलं, आजोबा इथे खोकतात. यंत्रानं तेही पकडलं, माझा खोकला चोरला म्हणून.

‘तुम्ही सगळ्यांना तेच तेच का सांगता?’ मघाशी सांगितलं ते हेच, तेव्हा विचारलं बाईंनी.

‘खरं सांगतो म्हणून. दर वेळी वेगळं सांगितलं असतं तर तुम्हीच मला थापाड्या म्हटलं असतं.’

यावर बाई कॉम्प्युटरात काहीतरी शोधायला लागल्या. म्हणाल्या, याच कारखान्यावर मागे एकानं लिहिलं होतं, यंत्राला त्यात काहीच सापडलं नाही. शून्य टक्के. विभागात पहिला आला. नाव नाही सांगितलं त्यांनी, तेवढं बरोबर केलं. मी म्हटलं, वाचा बघू. बाई वाचायला लागल्या, ‘पहाटे कामगार गाणी गात गात बर्फ ओढत असत...’

म्हटलं, ‘बाई, तिथे तोंड उघडलं तर दात ठणकायचे. आणि यंत्रांचा धडधडाट असा, की मुकादमाला शिवीसुद्धा कानाशी येऊन द्यावी लागायची. हा कुणाकडे गेला होता?’

बाई म्हणाल्या, ‘बहुतेक कुणाकडेच नाही.’

म्हणजे बघा. जो आला, बसला, ऐकलं, लिहिलं, तो चोर. जो घरी बसून मनातलं लिहीत सुटला, तो पहिला.

मला वाटलं, जिंकलो. मी उठायच्या बेतात होतो. पण बाई वळल्या नातीकडे आणि म्हणाल्या, ‘तू चोरी केली नाहीस, हे मी समितीला लिहून देते. पण आजोबांचे शब्द आजोबांच्या नावानं अवतरणात टाक, ते उसने आहेत, ते उसनेच दिसले पाहिजेत. आणि मग मला सांग, उरलं काय? यात तू कुठे आहेस?’

मला राग आला. राग अशासाठी आला, की बाईंचं बरोबर होतं.

आठवड्याची मुदत मिळाली. त्या संध्याकाळी मी भाजी निवडत बसलो होतो, ती समोर येऊन बसली. मोबाइल नाही, कागद नाही. म्हणाली, ‘आजोबा, कारखान्यातून घरी आलात की काय व्हायचं?’

म्हटलं, ‘कारखान्याचं विचार.’

‘ते मला पाठ आहे.’

आता हे मला कुणी विचारलं नव्हतं हो. इतकी पोरं आली, सगळ्यांना गारठा हवा, उंट हवा, घरी काय व्हायचं ते कुणालाच नको होतं. म्हटलं, घरी यायचो... म्हणजे लगेच आत नाही यायचो. दाराबाहेर उभा राहून हात चोळायचो. कारण तुझा बाप तान्हा होता, गार हात लागला की भोकाड पसरायचा... आणि तुझी आजी आतून म्हणायची, ‘आलात तर आत या, बाहेर पहारा कसला देताय?’ मग ती माझे दोन्ही हात घ्यायची आणि आपल्या काखेत धरायची. स्वतः शहारायची, दात वाजायचे तिचे, पण सोडायची नाही. वर तोंड चालूच, ‘मी माणसाशी लग्न केलं की लादीशी?’... कारखाना बंद झाला, तरी हात काही ऊबदार झाले नाहीत माझे. सवयच लागली त्यांना. तीही धरत राहिली, अगदी... बरीच वर्षं. आता मी हातमोजे घालतो. सुनेनं विणलेत. चांगले आहेत.

इथे मी खोकलो नाही. खोकायचं सुचलंच नाही. नातीनं भाजीची जुडी माझ्या हातातून घेतली आणि हात तसाच धरून बसली. मग आत जाऊन लिहीत बसली.

प्रबंध परत दिला. यंत्रात घातला. आणि या वेळी यंत्र म्हणालं, नव्वद टक्के. कुणाची चोरी? तर तिचीच. तिनं आधी दिलेला प्रबंध यंत्रानं पोटात ठेवला होता, आणि आता ही पोरगी स्वतःच्याच घरात घुसली म्हणून बोंब ठोकली. घरी मुलगा परत जेवताना सुरू झाला. पण बाईंनी आकड्याकडे बघितलंच नाही. नात सांगते, बाईंनी सगळं वाचलं, शेवटचं पान दुसऱ्यांदा वाचलं, आणि एवढंच म्हणाल्या, ‘आता तू दिसतेस.’ पोरगी पास झाली. चांगल्या मार्कांनी झाली. त्या प्रबंधात आजीच्या काखेपर्यंत सगळं आहे, माझ्या बायकोला कळलं असतं तर तिनं मला घरात घेतलं नसतं.

इथे संपायला हवं होतं, नाही का? पण बाई निवृत्त झाल्या. चांगली माणसं नेमकी निवृत्तच होतात. आता नवे सर आलेत, हुशार आहेत म्हणे, वाचायला वेळ नसतो त्यांना. आकडा बघतात. ठरलेल्या टक्क्याच्या वर गेला की नापास, खुलासा नाही, खुर्ची वळवणं नाही. आणि पोरं येतातच. परवाच एक मुलगी आली, माझ्या नातीएवढीच, बाकड्यावर टेकली, मोबाइल पुढे धरला, ‘आजोबा, कारखान्याबद्दल सांगा ना.’ माझ्या तोंडात आलं होतं हो, दार उघडलं की आधी वास... आणि मी थांबलो. आता मला सांगा, बर्फ काय दर वेळी वेगळा गोठतो? नाही गोठत. पण तिचं वर्ष वाया घालवू का मी, माझ्या खऱ्यापायी?

म्हणून सांगितलं, ‘कारखान्यात ना बाळा, फार उकडायचं.’

लिहून घेतलं तिनं. होईल पास.