सोळावी फ्लॉपी

हॅलो? … हॅलो? … हो, बोरी. बोरीच हाय. दिनकरराव बोलायलो… कोण? … चांगुणा! अगं मग आधी सांगावं की. मला वाटलं एक्स्चेंजचा लिंबाजी. तो रोज दिवेलागणीला घंटी वाजवून बघतो, फोन चालू हाय का बसला.

हो, हो… येतंय ऐकू. जरा थांबून थांबून येतंय. तुझा शब्द अमेरिकेहून निघतो, समुद्राच्या बुडातून येतो, भिजून जड होत असणार… हसलीस ना? बरं झालं.

आई? हाय की. हितंच बसलीय, माझ्या तोंडाकडं बघत. … देतो, देतो. आधी माझा रिपोर्ट ऐक. येलदरीच्या पावरहाउसला चोवीस वर्षं काढली, पण शिफ्ट सोडताना रिपोर्ट दिल्याबिगर मी एक दिवस घरी आलेलो न्हाई. … एक दिवस आलो होतो, ते तुझ्या जन्माच्या दिवशी. ते सोड.

तर ऐक. तू पाठवलेलं कॉम्प्युटरचं मशीन हितं फोनजवळ, दिवाणावर. फ्लॉप्या एकूण सोळा. तू कागदावर मराठीत लिहून दिलंस, तसंच सगळं केलं. पहिली घातली, मशीन चालू केलं… न्हाई, ह्या बारीला काळा पडदा न्हाई पडला. तू रविवारी सांगितलीस ती लांबलचक ओळ टाइप केली, एका बोटानं, एकेक अक्षर हुडकून. मी निजामाच्या शाळेतला, उर्दू मीडियमचा माणूस, आधी उजवीकडून सुरू केली, मग खोडली. … हो, कळलं. मशीन अगदी नवं हाय, सिस्टमला त्याची अजून वळख न्हाई. नव्या सुनेला सांगावं लागतं, ही चूल, हा रांजण, तसं.

मग त्यानं इचारलं, आतलं सगळं पुसू का. 'वाय' का 'एन'. … कंपनीनं घालून दिलेलं, मालूम हाय मला, आपल्या काय कामाचं न्हाई. तरी अर्धा तास बसलो बघ बोट उचलून. तुझी आई म्हणायली, पुसता कशाला, राहू द्या की कोपऱ्यात. तिचा स्वभाव तुला ठावं हाय, ती तेलाची रिकामी पिशवी बी धुऊन ठेवती. … दाबलं. दाबलं 'वाय'.

मग दोन, तीन, चार… एकेक फ्लॉपी खातंय आन् म्हणतंय, पुढची आण. मला आपल्या म्हशीची आठवण झाली. सहावीला लाइट गेली. पण ह्याला काय खबरच न्हाई, पोटातल्या बॅटरीवर चालूच. आज दुपारी पंधरावी संपली. बंद करून पुन्हा चालू केलं, आन् पडद्यावर काय आलं सांगू? एल, ओ, जी, आय, एन. … हो! लॉगिन. तुझं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आन् गेलो आत.

अगं थाप न्हाई. आई साक्षीला हाय. थांब… कडूबाई, खरं का न्हाई? … ही बघ, मान हलवायली. ती माझ्या खोट्याला कधी मान हलवीत न्हाई. मागं माणिकरावांच्या ओसरीवर धा माणसांत म्हणाली होती, ह्यांचं काय ऐकता, ह्यांनी वाघ फकस्त चित्रात बघितलाय. तवा ती हो म्हणली म्हणजे सरकारी शिक्का.

आत काय दिसतंय? … एक बारीक रेघ हाय, उघडझाप करायलीय. बाकी सगळं मोकळं. पण मला आवडली बाई ही सिस्टम. तुझ्या कंपनीतले ते गंगाखेडचे दत्तराव मशीन घेऊन आले तवा त्यांनी समजावलं मला. म्हणले, ही कुण्या एकाच्या मालकीची न्हाई. जगभरच्या पोरांनी आपापल्या घरी बसून एकेक चिरा घडवला, आन् विहीर बांधून काढली. कुणी बी यावं, भरून न्यावं. तू कोणाचा, कुठल्या आळीचा, काय इचारायचं न्हाई. मी म्हणलं, दत्तराव, असली विहीर आमच्या गावात अजून बांधायची राहिलीय. … हो… हो… तेच.

चांगू, मागं काय वाजायलंय गं? … टुक, टुक, टुक… घड्याळावानी. … प्रिंटर? … असंल. … ऑफिसात हायस? सकाळी साडेआठाला? … बरं. बरं.

थांब हं जरा. … कडूबाई, अगं रेडकू सुटलं का काय, सगळं दूध पिऊन जाईल बघ. … मला आवाज आला म्हणून म्हणलं. जा, बघून तरी ये.

गेली.

आता ऐक, माय. रेडकू काय सुटलेलं न्हाई. थाप मारायची तर तिच्यात मीठ घालावं लागतं, हे मी तुला लहानपणीच शिकवलं होतं. प्रिंटर म्हणलीस तर कोणत्या रंगाचा, कागद कवा अडकला, साहेबानं त्याला लाथ कशी घातली, हे सांगावं. नुसतं 'प्रिंटर हाय' म्हणलं की माणसाला कळतं.

… दत्तरावांनी सांगितलंय मला. यष्टीवर सोडायला गेलो तवा. डोक्यात गाठ हाय. आज आपरेशन हाय.

… …

न्हाई… न्हाई रागावलो. कशाला रागावू. … तू आमाला तकलीफ नको म्हणून न्हाई सांगितलंस, कळतंय की. … पासपोर्ट न्हाई काढला, हीच चूक झाली. माझ्या काळात परभणीच्या पल्याड जायला नुसतं तिकीट लागायचं. … न्हाई, आईला न्हाई सांगितलं. तिला काय बी मालूम न्हाई. तिच्यापुढं मी रोज हसतो, गोष्टी सांगतो. … केस काढले? … सगळे? … बरं. येतेत माघारी. आपल्या घराण्यात केसाला मरण न्हाई, तुझी आजी नव्वदीला वेणी घालायची… हो, ही थाप हाय. मीठ बरोबर हाय का?

किती वेळ हाय अजून? … पंधरा मिनिटं. … मग ते फ्लॉपीचं राहू दे की गं आत्ता. आपण असंच बोलू. … बरं. … बरं, तुला ऐकूनच आत जायचंय. समजलो.

हो, सोळावी तुझी. हाय ध्यानात. पत्रात लिहिलं होतंस ना, क पासून ज्ञ पर्यंत एकेक अक्षर ठिपके मांडून मांडून केलंस. डोकं ठणकायचं तवा बी करत होतीस का? … करत होतीस. … आन् त्या अक्षरांत माझी मरळ माशाची गोष्ट लिहिलीस, ते बी वाचलं पत्रात. तुझ्या आईला म्हणलं मी, बघ, माझी गोष्ट समुद्रापल्याड लिहून ठेवली पोरीनं. ती म्हणली, चांगली माणसं खरं काय तरी लिहितेत. … घालतो. तुझ्या कागदावरची शेवटची ओळ बी टाइप करून ठेवलीय. ही घातली. … दाबलं बटन.

आली तुझी आई. … न्हाई, रेडकू बांधलेलंच होतं म्हणायली.

थांब हं… वाजायलंय. … खरखर करायलंय. … बाकीच्यांचा आवाज असा नव्हता. … पडद्यावर आलं काय तरी… थांब, वाचतो…

(रिसीव्हरवर हात ठेवून) काय म्हणलीस, कडूबाई? … कुठली? … हीच का? … दसऱ्याला? अगं, मशीनची पूजा कर हे मीच म्हणलं होतं. पावरहाउसला टर्बाइनला बी कुंकू लावून नारळ फोडत होतो आमी. पण वरून. वरून लावायचं असतं. … पत्र्याचं झाकण सरकवून? आतल्या चकतीला? … पदर सारून लावावं तसं. … आन् बाकीच्या पंधरांना? … एवढीलाच. हिच्यावर चांगुणाच्या हातचं मराठी अक्षर होतं म्हणून. … न्हाई, आता पुसून काय फायदा न्हाई. बस. बस हितं. डोळ्याला पदर लावू नको, ती ऐकायलीय.

(हात काढून) हां, चांगू. … हाय, हाय. ते मशीन जरा खाकरलं. म्हाताऱ्याच्या घरात आलं, गुण लागला.

… आलं.

आलं, माय. … हो, सगळी. क आला, ख आला, ग आला… ळ बी आलाय. ळ तर लय देखणा, दोन लाडू शेजारी शेजारी ठेवल्यागत. आन् ज्ञ नं फेटा बांधलाय, शेवटचा ना, वरातीत मागं चालणारा. … ञ? हो, तो बी हाय. जरा अंग चोरून उभा हाय, त्याला कुणी बोलावीत न्हाई म्हणून.

गोष्ट? … हाय की खाली. … वाचू? … वाचतो. चष्मा नीट करू दे. … 'येलदरीच्या धरणात एक मरळ होती. इतकी लांब, की तोंड सेनगावच्या बाजूला आणि शेपूट जिंतूरच्या. शेपटीला चिमटा घेतला तर तोंडाला दुसऱ्या दिवशी कळायचं. एकदा ती टर्बाइनच्या नळात शिरली आणि परभणी जिल्ह्यातले सगळे दिवे लुकलुकले. ड्यूटीवर दिनकरराव होते. त्यांनी झडपेतून हात घातला, तिच्या डोक्यावरून फिरवला. म्हणाले, बाई, हितं राहू नको, हितं तुझे तुकडे होतील. आणि दार उघडून तिला खाली सोडलं. ती पूर्णेतून गोदावरीत गेली, गोदावरीतून समुद्रात गेली. आणि ती पुन्हा काही येलदरीला आली नाही.' … संपलं. एवढंच लिहिलंय.

… चांगू? … हॅलो?

… शेवट तसा न्हाई? … अगं तसाच हाय की, माझीच तर गोष्ट… तू शेवट बदललास.

… …

न्हाई. … न्हाई उघडली, माय. … वाटेत खराब झाली असंल. पेटीत दबली असंल. … ह्यात बी मीठ न्हाई? … हो. न्हाई. राहू दे, तेवढी एक गोष्ट इचारू नको.

मग तूच सांग की. तू काय लिहिलंस? … सांग, ऐकतो. … हो… 'पण दरसाल दसऱ्याला'… हो… 'ती समुद्रातून उलटी निघते'… उलट्या पाण्यानं? … गोदावरी चढून, पूर्णा चढून… हो… 'नळाला एकदाच तोंड लावते. जिल्ह्यातले दिवे एकदा लुकलुकतात. आणि दिनकररावाला कळतं'… काय कळतं? … 'आली.'

… चांगलं लिहिलंस. माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंस.

… कोण आलं? … न्यायला? … थांबा म्हण त्यांना. एक मिनिट म्हण. तुमचा तो प्रिंटर ठेवा बाजूला म्हण. … चांगू, ऐक ना. आत्ता दिवा लुकलुकला. … आत्ताच. ह्या खोलीतला. … अगं थाप न्हाई. दसरा होऊन चार दिवस झाले हे खरं, पण इतक्या लांबून उलटं यायचं म्हणजे चार दिवस इकडं तिकडं होणारच. … न्हाई पटत? मग आईला इचार. तिचं तर ऐकशील. … घे, कडूबाई. दिवा लुकलुकला का म्हणून इचारायलीय. तुला काय दिसलं असंल ते सांग. आपल्याला जबरदस्ती न्हाई.

'हो, माय. लुकलुकला. म्या माझ्या डोळ्यानं बघितला.'

… दे. दे इकडं. … ऐकलंस, चांगू? सरकारी शिक्का मारला तुझ्या आईनं. आता तर… हॅलो? … चांगू? … हॅलो… हॅलो…

गेला.

… कडूबाई, दिवा तर जागचा हलला बी न्हाई. चाळीस वर्षांत माझ्या एका गोष्टीला हो म्हणली न्हाईस. आजच कसं म्हणलीस? … काय? … दत्तरावांनी चहा तोंडाला लावला न्हाई, तवाच कळलं तुला? … आन् मी रोज हसत होतो, ते बघत होतीस. … एका शब्दानं बोलली न्हाईस मला. … मी बी न्हाई बोललो, हो.

… म्हणून ती एकच फ्लॉपी. … तिचं कपाळ समजून.

… न्हाई, आवाज न्हाई यायला. नुसती शिट्टी यायलीय, तरी कानाला धरलाय… काय? … हो, ते बी खरं. धरून बसलो तर तिकडून फोन कसा लागायचा. … ठेवतो. … ठेवायलो, कडूबाई, तू बस हितंच. … ठेवला.