चौथी चादर

हॅलो?… हां आई, बोला. विराजच बोलतोय… हो, येतंय ऐकू. इथे वारा आहे, त्याचा आवाज असेल तो…

जेवलो… दुपारी. डबा होता. खिचडी… नाही, रोज खिचडीच नाही, कधी टोस्ट पण खातो…

आत्ता? पावणेचार. दुपारचे. तुमच्याकडे सव्वानऊ झाले असतील सकाळचे… कामावरच आहे, मळ्यात… मळा म्हणजे आपल्याकडे असतो तसा नाही. डबल कुंपण, कॅमेरे, गेटवर माणूस… हो आई, गांजाच. पण औषधाचा. सरकारी लायसन्स आहे… तुम्ही शेजारी टोमॅटो सांगितलंय ना? मग टोमॅटोच राहू द्या. मला काही वाटत नाही त्याचं…

थंडी पडली ना. एप्रिल संपत आला, इथे आता हिवाळा लागेल. काल रात्री फ्रॉस्ट होता… म्हणजे दव पडतं की नाही, ते गोठतं. सकाळी सगळं पांढरं. मग पानं काळी पडतात, उकडल्यासारखी. म्हणून झाकायचं… रात्री नाही, ऊन असतानाच. जमिनीत दिवसभराची ऊब असते, ती आत धरून ठेवायची…

मी बराय… खरंच बराय. झोपतो… अस्मिता आहे का जवळ?… होऊ दे चहा, घाई नाही… आली? द्या.

हं… बोल.

झालं तिकीट? गुरुवारचं… ऑकलंडहून पुढे पामर्स्टनचं विमान आहे ना, संध्याकाळचं? मी येतो विमानतळावर… बरं.

विहारात गेला होतात?… भंतेजींनी नाव घेतलं दिनूचं?… दिनू नाही, पूर्ण. धम्मदीना… हं. बरं झालं… तिला जाऊन सव्वादोन महिने झाले काल. मोजत नाही मी. फोन उघडला की तारीख दिसते.

काय?… खोली…

अगं ऐक ना, काल काय झालं ते सांगतो आधी… सांगतो, खोलीचंच सांगतो. ऐक तर.

आमचं ते पांढरं कापड असतं ना, फ्रॉस्टचं? त्याचे दोन रोल फाटले परवाच्या वाऱ्यात. उरलं ते मोठ्या ओळींना पुरलं, जेमतेम. मागे कुंपणाजवळची चार झाडं उघडी राहिली… ग्लेन, आमचा मॅनेजर, म्हणाला, मेट, ती चार सोडून दे. उतारा कमी म्हणून कंपनीने ती जात बंदच केलीय. मी बी धरलं होतं. आणखी दहा दिवस मिळाले की बी पिकतं. नाही मिळाले तर ती जात संपली आमच्याकडून.

हो. तीच. तिच्या तेलाची…

माहितीये गं तुला माहितीये. दिनूला दिवसाला आठ झटके यायचे, ते त्या तेलाने दोनवर आले होते. त्यासाठीच ऑकलंडमधलं फ्लॅट बुशचं घर सोडलं, माझी आयटीतली नोकरी सोडली. मी मलाच सांगतोय…

प्लास्टिक नाही चालत. पानाला टेकलं की पान जातं… गावात बघितलं, तीन दुकानं. वॉर्निंग आली होती ना, लोकांनी सकाळीच कापड उचललेलं. मग घरी गेलो. साडेचार होत आले होते.

चादरी आणायला.

आपल्या… आपली एक मशीनमध्ये होती, ओली. ओलं कापड घालून उपयोग नाही, तेच गोठतं. दुसरी होती आपल्या पलंगावर… हो, होती. का नाही घेतली ते मला सांगता येणार नाही. मी सरळ तिच्या खोलीत गेलो.

हॅलो?… आहेस ना?…

माहितीये, तू म्हणाली होतीस. मी येईपर्यंत कशाला हात लावू नकोस म्हणून. मी हो म्हटलं होतं…

चार. चार झाडं, चार चादरी… हो, चालल्या. उशिरा लावलेली झाडं आहेत, गुडघ्याच्या जरा वर. सिंगल बेडची बरोब्बर बसते.

गेटवर विरेमू असतो, त्याला प्रत्येक वस्तू लिहावी लागते. काय आत गेलं, काय बाहेर आलं. त्याने एकेक उलगडून बघितली. रजिस्टरला लिहिलं, बेडशीट, चार, लहान मुलाच्या. कुणाच्या म्हणून विचारलं नाही. त्याला माहीत आहे, तो आला होता ना फ्युनरलला… स्वीट ॲज, चालतंय म्हणाला, आणि गेट उघडलं.

कोणत्या?… हिरवी, चांदण्यांची. आईंनी पाठवलेली ती निळी. रेल्वेगाडीची… या कपाटातल्या. धुतलेल्याच होत्या. तीन.

चौथी…

अस्मिता, चौथी पेंग्विनची.

हो. पलंगावरची. काढली मी.

…उशीला हात नाही लावला. तू तुझ्या ओढणीत गुंडाळून ठेवलीय, तशीच आहे. बघितलं सुद्धा नाही उघडून… नाही. शप्पथ नाही.

वास… खोटं कशाला बोलू. गेला. सकाळी मी नाकाशी धरून बघितली. गांजाचाच येतो आता. तिचा नाही.

हं…

हं…

रड तू. मी थांबतो…

मला नाही येत गं. सगळे विचारतात, ग्लेन विचारतो, डॉक्टरीणबाई विचारतात. दात काढताना इंजेक्शन देतात ना, तसं आहे. आपलाच गाल, पण हात लावला तरी समजत नाही. मी काम करतो. झाडांना पाणी घालतो. ते जमतं…

तीन जगली. एकदम टवटवीत, काही झालंच नाही जसं… चौथ्याचे एका बाजूचे शेंडे गेले. पेंग्विनचं होतं तेच. बाकीच्यांना दगड लावले होते कडेने. ही मी नुसती दाबली. म्हटलं नंतर येऊन बघतो. सुरुवातीला वारा होता, त्याने कड उचलली, मग वारा पडला आणि फ्रॉस्ट आत गेला… मेलं नाही. बी दुसऱ्या बाजूला आहे, ते वाचलं.

नाही. आलो नाही नंतर. घरी जाऊन खुर्चीतच झोपलो, तो सकाळी उठलो.

कळतंय का तुला, मी काय म्हणतोय? रोज उठायचो मी. रात्रीतून दोनदा. तिचं पांघरूण नीट करायला. दोन वर्षं एकदाही चुकलं नाही. त्या एका रात्री मला जाग आली नाही…

डॉक्टर म्हणाले ते माहितीये. झोपेतच झालं. जागा असतो तरी काही करता आलं नसतं. पाठ आहे मला ते. पण जाग आली नाही ना…

हं… तू पण झोपली होतीस. हो… नाही, तुला कधी म्हटलं मी? मनात पण नाही आलं… मग मला पण नको म्हणू? बरं… बरं. नाही म्हणत.

आज? आज जास्त आहे. उणे दोन सांगितलंय. कापड सोमवारी येणार… माहीत नाही काय घालू ते. तू नको म्हणालीस तर तिच्या नाही घालणार. चारही धुवून ठेवतो खोलीत. जायचं ते जाईल झाड.

गोधडी? आईंची?… कपाटावर आहे, हो. पण जड आहे गं. शेंडे मोडतील… ती पण म्हणायची ना, टू हेवी, बाबा. लाथ मारून काढायची…

त्याच घालू?… पेंग्विनची पण?… नक्की?…

शेडमध्येच आहेत. वाळल्यात आता.

काय?… पाय? अगं, झाडाला कुठून पाय…

…हो. हो, कळलं. पायाकडून खोचायची. तिकडूनच निघायची तिची, बरोबर. दक्षिणेकडची बाजू, वारा तिकडून येतो. तिकडून जास्त खोचतो.

ऊन कुंपणावर आलंय, अस्मिता. आता घालायला पाहिजेत. ठेवतो… नाही ठेवत? बरं, राहू दे चालू. खिशात टाकतो. काही बोलू नकोस, नुसती थांब…

ऐकू येतंय?… हिरवी झाली. दगड लावले…

निळी पण…

रेल्वेगाडीची झाली. जरा फाटलीय कोपऱ्यात, चालेल…

ही शेवटची. थांब, दोन्ही हात लागतील…

झाली… पायाकडून, हो… घट्ट आहे. आता जातो, आणि रात्री येऊन बघतो… हो. दोनदा येईन.

ठेव आता. झोपलीय ती.