त्यांच्यात चालतं

...आणि वास कुणाच्या नावावर, तर माझ्या! आळीत कुठंही बांगडा शिजू दे, कुणाच्याही खिडकीतनं वास येऊ दे, माना वळणार त्या माझ्याच खोलीकडं. आणि मी, तुम्हाला सांगतो, मी अंडंसुद्धा खात नाही. हसू नका राव. दानीएल पारधे, तालुका शेवगाव, जिल्हा नगर, जन्मापासून शाकाहारी. आमचा पणजा माळकरी होता, तो ख्रिस्ती झाला, गळ्यातली माळ गेली, पण ताटात जे कधी पडलं नव्हतं ते पुढंही पडलं नाही. त्यात माझं नाव ठेवलं दानीएल, आणि बायबलातला दानीएल कोण, तर राजाच्या ताटातलं नको म्हणून डाळ-भाजीवर राहिलेला माणूस! आता असल्याचा नंबर कशाला लागावा? मत्स्यशास्त्राला. रत्नागिरीला. दोन हजार साली यादी लागली, शेतीच्या कॉलेजला चार मार्क कमी पडले आणि मला माशांत ढकलला. समुद्र मी तोवर फक्त कॅलेंडरवर बघितलेला.

वसतिगृह भरलेलं. खोली शोधायला निघालो तर दारोदार तेच. "कुठले तुम्ही?" नगरचा. "अरे वा. नाव?" दानीएल. की लगेच दारातल्या बाई अर्धं पाऊल मागं, "खोली आहे तशी, पण पुतण्या यायचाय आमचा." त्या आठवड्यात रत्नागिरीत एकंदर चौदा पुतणे यायचे होते. पंधरावं घर दत्तात्रेयकाकांचं. हापूसची बाग, चिऱ्याचं घर, पडवीत झोपाळा, झोपाळ्यावर बंडी घातलेले काका. माझं नाव ऐकलं आणि हा माणूस चक्क उठून उभा राहिला. "ख्रिश्चन? म्हणजे खरे ख्रिश्चन?" म्हटलं हो, बाप्तिस्म्याचा दाखला आहे पेटीत. "वा वा वा! अगं ऐकलंस का, मागची खोली झाडून घे." आतनं पद्मजाकाकू आल्या पदराला हात पुसत, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "पण हे लोक मासेबिसे..." तर काका काय म्हणाले असतील? "असू दे गं. त्यांच्यात चालतं." त्याच दिवशी बाबांना पत्र टाकलं, की इथं मला एक देवमाणूस भेटला आहे.

देवमाणूस आठव्या दिवशी माझ्या खोलीत आला. बुधवार दुपार, काकू भजनी मंडळाला गेलेल्या. काकांनी आत येऊन कडी घातली, बंडीच्या खिशातनं आमसुलं काढली, तिरफळं काढली, कागदाच्या पुडीतला मसाला काढला, आणि स्टोव्हकडं बघत म्हणाले, "डॅनी, आज काय बेत?" म्हटलं, मुगाची खिचडी. "ती नव्हे रे. बांगडे. आज ताजे आलेयत, मी लांबून बघून आलोय." काका, मी मासे खात नाही. "म्हणजे बुधवारी नाही?" कधीच नाही. अंडंसुद्धा नाही. आता काय सांगू तुम्हाला, बागेतला सगळा मोहोर एका सकाळी गळाला असता तरी त्या माणसाचा चेहरा इतका पडला नसता. खाटेवर मटकन बसले. "अरे, मग तू ख्रिश्चन कसला?"

मग सगळं बाहेर आलं. लहानपणी हेदवीला मामाकडं असताना शेजारच्या घरी चोरून चाखलेला पहिला बांगडा, मग इथं आत्माराम नावाचा मित्र, त्याच्याकडं दर आठवड्याला पत्त्यांचा डाव... पत्ते म्हणजे बांगडे! आणि हा आत्माराम गेला मुलाकडं ठाण्याला राहायला. "चार वर्षं रे डॅनी. चार वर्षं नुसत्या वासावर काढली मी." आणि काकूंना कळलं तर? "ताट वेगळं मांडील माझं. तू येशूची शपथ घे, कुणाला सांगायचं नाही." म्हटलं, काका, आमच्यात शपथ घेत नाहीत, प्रभूनं सांगितलंय, हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. "मग नुसतं हो म्हण." आणि मी म्हटलं, हो. फसलो तो तिथंच.

कारण काकांना बाजारात कुणी बघायला नको, म्हणून मासे आणायचे मी. काकांना स्टोव्ह पेटवता येत नाही, म्हणून शिजवायचे मी. सकाळभर कॉलेजात माशांची खवलं मोजायची, कल्ले उघडायचे, दुपारी खोलीवर येऊन नाकाला हातरुमाल बांधायचा आणि बांगड्याचं तिखलं करायचं. काका खाटेवर मांडी घालून, "तिरफळं ठेच अंमळ... हां... आता ढवळू नकोस, भांडं नुसतं हलव," आणि मी ना चव घेऊ शकत, ना मीठ बघू शकत, नुसत्या काकांच्या चेहऱ्यावरनं अंदाज. वर्षभरात हात असा बसला म्हणता! बाजारातली गोदामावशी तर चारचौघींत सांगायची, "डॅनीभाऊला फसवू नको गो, तो डोळा बघून मासा वळखतो." डोळा बघूनच ओळखणार ना, मावशी, तोंडात कधी गेलाय माझ्या? मी अंडंसुद्धा खात नाही.

आणि संध्याकाळी काकू आल्या की फाटकातच नाक वर. "आज पुन्हा केलेस का रे?" हो काकू, केले. खोटं नाही बोललो, मीच केले होते! आणि पडवीतनं काका, पेपर तोंडासमोर धरून, "असू दे गं. त्यांच्यात चालतं."

मला काकांचा राग यायचा नाही बघा. वाईट वाटायचं ते काकूंचं. पहिल्याच पावसाळ्यात मला हिवताप भरला, घर लांब, आई लांब, आणि ही बाई पाच दिवस माझ्या उशाशी. मऊ भाताची पेज, वर मेतकूट, कपाळावर हात. पाचव्या दिवशी ताप उतरला तेव्हा म्हणाल्या, "मासे तेवढे सोड रे बाबा. मग तुझ्याइतका गुणी मुलगा शोधून सापडायचा नाही." भिंतीकडं तोंड करून रडलो मी, राव. सांगायचं तर हो मोडतो, नाही सांगायचं तर त्या माउलीच्या नजरेत मी कायमचा घर बाटवणारा!

असं करत चैत्र आला. परीक्षेला दहा दिवस, आणि काकूंकडं चैत्रगौरीचं हळदीकुंकू, नेमकं बुधवारी. म्हणजे भजन नाही, काकू घरात, वर वीस बायका. मी सुटकेचा श्वास टाकतोय तर काका मागच्या दारानं हजर. "काका, आज?" "अरे बायका पुढल्या दारी, आपण मागल्या दारी." सगळा विचार केला या माणसानं, एक वाऱ्याचा सोडून. दुपारी वारा समुद्राकडनं सुटतो, आणि माझी खोली समुद्राच्या बाजूला. तिखल्याला उकळी आली आणि तो वास मागीलदारातनं, माजघरातनं, थेट गौरीच्या पुढ्यात. पुढं एकदम सगळ्या बायका गप्प. मग काकूंचा आवाज, मग काकू स्वतः, मागं चारपाच जणी डोकावतायत. काका कुठं? मोरीत. वाटीसकट. "डॅनी, हे तू केलंस?" हो काकू. "आजच्या दिवशी? बास झालं. परवा सकाळी खोली सोडायची." आणि बायका एकमेकींत, "जाऊ दे हो, त्यांच्यात चालतं." आणि मोरीची कडी आतनं तशीच लावलेली.

दहा दिवसांवर परीक्षा आणि परवा कुठं जाऊ मी? ट्रंकेत पुस्तकं भरत होतो दुसऱ्या दिवशी, तर काकू दारात. हातात ताटली, ताटलीत आंब्याची डाळ. खाटेवर बसल्या. "खोटं बोलणं तुमच्यात पाप ना रे? मग सांग. केलेस तू, ते ऐकलं मी. खाल्ले कुणी?" आता खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगायचं नाही, अशा माणसानं करावं काय? मी डाळीचा मोठा घास तोंडात कोंबला. काकू हसायलाच लागल्या. "अडतीस वर्षं संसार करत्येय मी. बुधवारची यांची ढेकर कसली ते मला कळत नाही? तुझ्या मोरीत काट्यांचं ताट एक आणि खिचडीचं ताट एक, दर बुधवारी बघत्येय." मग काल मला का घालवलंत, काकू? "काल वीस बायका होत्या. त्यांना काय सांगू, आमचे हे मोरीत बसलेयत म्हणून? तुझं नाव घेतलं की पुढं कुणी विचारत नाही. चुकलंच माझं, डॅनी. पोटच्या पोराला कुणी असं पुढं केलं नसतं." आणि पदर डोळ्यांना. म्हटलं, काकू, नका हो. "कुठं जायचं नाहीयेस तू. फक्त मला ठाऊक आहे हे यांना कळता कामा नये. चोरून खातात तोवर बुधवारी एकदा खातात, कळलं की रोज मागतील. हो म्हण." मी म्हटलं, हो.

म्हणजे बघा, दोन हो. पुढली तीन वर्षं काका मला खुणा करून बाजारात धाडतायत, काकू मला डोळा घालून भजनाला जातायत, आणि दोघांच्या मध्ये मी, नाकाला हातरुमाल बांधून!

शेवटच्या दिवशी पेटी घेऊन निघालो. काकूंनी दडपे पोहे बांधून दिले, काकांनी पाठीवरनं हात फिरवला आणि घाईघाईनं तोंड फिरवलं. फाटकाशी आलो तर नवीन पाटी, खडूनं लिहिलेली, अक्षर काकूंचं. "मागची खोली भाड्याने देणे आहे. ख्रिश्चन विद्यार्थ्यास प्राधान्य." छाती भरून आली हो माझी, की चला, चार वर्षांत आपण आपल्या लोकांचं एवढं तरी नाव केलं. तेवढ्यात खालची ओळ वाचली. "शाकाहारी विद्यार्थ्यांनी चौकशी करू नये."

काका माझ्या कानाशी, "डॅनी, हिला काही कळलं की काय रे?" मी काय बोलणार, मी हो म्हटलेलं. आणि काकू मागनं, हळूच, "तुझे फार हाल झाले रे. पुढचा तरी खाणारा असू दे."

माया आहे, मला कळतं. पण तुम्हीच सांगा... अख्ख्या रत्नागिरीत मला मिळालेली ती एकच खोली, आता तीसुद्धा मला मिळाली नसती.